आईला दिलेले १५.३ दिवस

बुधवार, १९ मार्च २०२५. दुपारी साडेतीनला ऑफिसातून थेट रिहॅब सेंटरला पोचले तर आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली आणि मांडीवर दोन पानी कागद. खाली तिची सही, पाटीवर गिरवल्यासारखी गोल. "ती मुलगी म्हणाली सही करा, म्हणून केली," आई म्हणाली. "बघ गं काय आहे ते."

कागदाचा मथितार्थ असा होता: शुक्रवार, २१ मार्चनंतर तुमच्या इथल्या उपचारांचे पैसे विमा कंपनी देणार नाही. हे पटत नसेल तर उद्या दुपारी बारा वाजायच्या आत पुढील नंबरवर फोन करा.

आईला त्या दिवशी वॉकर धरून चाळीस फूट चालता येत होतं, तेही फिजिओथेरपिस्टने कंबरेच्या पट्ट्याला धरलेलं असताना. आमच्या फ्रीमाँटच्या घरात झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर आहे. मध्ये चौदा पायऱ्या.

आई ७८ वर्षांची. बाबांच्या मागोमाग १९८४ मध्ये साताऱ्याहून कॅलिफोर्नियात आली. मिलपिटासच्या एका कारखान्यात सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करत तिने तेवीस वर्षं काढली. बोटांच्या टोकांवर अजून बारीक पांढरे डाग आहेत. त्या तेवीस वर्षांत दर पगारातून मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, कर कापला गेला. पासष्टीनंतर तिला मेडिकेअर मिळालं ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. पुढे शेजारणींचं ऐकून, दातांचा आणि चष्म्याचा खर्च मिळतो म्हणून, तिने मूळ सरकारी मेडिकेअर सोडून मेडिकेअर ॲडव्हांटेज घेतलं. पैसा सरकारचाच, पण कारभार खासगी विमा कंपनीचा. त्या वेळी मीच फॉर्म भरून दिला होता.

२ मार्चला, रविवारी सकाळी, ओट्याजवळ उभी असताना तिला भोवळ आली आणि ती उजव्या कुशीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला, आणि गुरुवारी ६ तारखेला तिला रिहॅबमध्ये हलवलं. अशा केंद्राला इथे स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी म्हणतात. नर्स, औषधं, दिवसातून दोनदा व्यायाम, सगळं एका छताखाली. मूळ मेडिकेअरमध्ये गरज असेल तर एका आजारपणात असे शंभर दिवसांपर्यंत मिळू शकतात. ॲडव्हांटेज कंपनीलाही निकष मूळ मेडिकेअरचेच लावावे लागतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कागद घेऊन मी केस मॅनेजरकडे गेले. बाई चांगल्या होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला नाही, पण जे होतं ते वाचून दाखवलं. आई दाखल झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीकडून एक पान आलं होतं. वय, निदान, पडण्याआधी किती चालायची, घरी कोण असतं, आता किती मदत लागते, अशा माहितीवरून काढलेला अंदाज. त्यावर आकडा होता १५.३ दिवस. शेजारी घरी जायची अपेक्षित तारीख, २१ मार्च.

म्हणजे आईने इथे पहिलं पाऊल टाकायच्या आधीच तारीख ठरलेली होती.

मी त्यांना विचारलं, या मधल्या दोन आठवड्यांत कंपनीच्या कुणी तिला पाहिलं का? त्या म्हणाल्या, पाहत कुणीच नाही, आम्ही दर आठवड्याला नोंदी पाठवतो. मग त्या नोंदी वाचून तारीख बदलते का? त्यावर त्या क्षणभर थांबल्या. "कधी कधी," म्हणाल्या. जाताना त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली: सही म्हणजे फक्त कागद मिळाल्याची पोच आहे, मान्यता नव्हे. सही झाली म्हणून घाबरू नका.

संध्याकाळी मी आईच्या नोंदी मागितल्या. इथल्या केंद्रीय नियमांनुसार रुग्णाला किंवा त्याच्या माणसाला, सुट्टीचे दिवस सोडून, चोवीस तासांत नोंदी पाहायला द्याव्या लागतात. नर्सने त्या लगेच दिल्या. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून त्या वाचत बसले. त्या दोन तासांत मला जेवढं कळलं तेवढं नंतरच्या कुठल्याही कायद्याच्या पानावर कळलं नाही.

पहिली नोंद: "वेदना दहापैकी शून्य." दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या दिवशीही. आणि मला आई रात्री उशीत तोंड खुपसून कण्हताना दिसत होती. मी कॉट शेजारी लावून झोपले होते ना त्या रात्री. कोडं उलगडायला वेळ लागला नाही. परक्या माणसाने "कसं वाटतंय?" विचारलं की आईचं उत्तर एकच: "फाइन, फाइन, थँक यू." समोरच्याला त्रास द्यायचा नाही, आपलं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही, हे तिच्या हाडीमासी रुजलेलं आहे. तिचं ते सौजन्य शून्य या आकड्यात लिहिलं गेलं आणि तिकडे पाठवलं गेलं.

दुसरी नोंद माझ्यामुळे झालेली. दाखल करताना विचारलं होतं, घरी मदतीला कोण आहे? मी म्हणाले होते, आम्ही सगळे आहोत, काही काळजी नाही. आपल्याकडे याला दुसरं उत्तर असतं का? कागदावर उतरलं: "मुलीच्या कुटुंबासोबत राहते, भक्कम कौटुंबिक आधार." मी आणि नवरा दोघं नोकरी करतो, मुलगी शाळेत जाते, सकाळी आठ ते दुपारी साडेतीन घरात आई एकटी असते, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अशा अंदाजात घरचा आधार हा एक घटक असतो आणि भक्कम आधार असला की दिवस कमी होतात, हे नंतर समजलं.

पण तिसरी नोंद नर्सच्या तक्त्यात होती आणि ती महत्त्वाची होती. पडून असताना आईचा रक्तदाब १२८, उभी राहिली की ९६. चार वेगवेगळ्या सकाळी तेच. म्हणजे ज्या भोवळीने ती पडली ती भोवळ अजून तिथेच होती. डॉक्टरांनी १७ मार्चला, फक्त दोन दिवसांपूर्वी, एक गोळी बंद करून दुसरीचा डोस कमी केला होता. आता रोज तीनदा रक्तदाब मोजायला सांगितलं होतं. आणि १५.३ चा आकडा काढला गेला तेव्हा, ७ मार्चला, यातलं काहीच झालेलं नव्हतं.

त्या रात्री मला राग आला तो या एका गोष्टीचा. यंत्राने अंदाज बांधावा, मला त्याचं वावडं नाही. हजारो खुबे मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांची माहिती गोळा करून सरासरी काढली तर डॉक्टरलाही तिचा उपयोग होईल. पण सरासरी हजारांची असते, आणि खुर्चीतून उठताना आई डोळे मिटून दोन क्षण थांबते ती एकटीच थांबते. ते थांबणं पाहायला माणूस लागतो.

गुरुवारी सकाळी नऊला लाइन सुरू होताच मी फोन लावला. ही दाद विमा कंपनीकडे मागायची नसते. मेडिकेअरने नेमलेली स्वतंत्र तपासणी संस्था असते, तिला क्यूआयओ म्हणतात. फोनवरच्या बाईंनी आईशी बोलायला मागितलं. मी स्पीकर लावला. आई म्हणाली, "येस, माय डॉटर विल टॉक." तेवढ्याने त्या दिवसाचं काम भागलं. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारासाठी मात्र प्रतिनिधी नेमण्याचा फॉर्म लागतो, सीएमएस-१६९६. आई-वडिलांचं मेडिकेअर असेल तर तो आजच भरून ठेवा. दवाखान्यात पडलेल्या माणसाकडून सही घ्यायला धावाधाव होते.

मला वाटलं होतं मोठा अर्ज लिहावा लागेल. तसं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमच्या मते उपचार का चालू राहायला हवेत? मी नोंदींतले आकडे तारखांसह वाचून दाखवले. रक्तदाब, बदललेली गोळी, पायऱ्या, दिवसाचे एकटेपणाचे तास. सोबत आमच्या काउंटीतल्या हायकॅपच्या स्वयंसेवकाने सकाळीच सांगितलेलं एक वाक्य. हायकॅप म्हणजे कॅलिफोर्नियातली मेडिकेअरविषयी मोफत सल्ला देणारी सेवा. ते निवृत्त गृहस्थ म्हणाले होते, "उपचार बंद करणं बरोबर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही." नियमातच तसं लिहिलेलं आहे. हे ऐकल्यावर माझा आवाज फोनवर कापला नाही.

अपील गेलं की कंपनीला त्याच दिवशी सविस्तर कारण लेखी द्यावं लागतं. ते संध्याकाळी आलं. एक परिच्छेद. "रुग्णाची प्रकृती स्थिर. वॉकरने चाळीस फूट, एका व्यक्तीची मदत. प्रगती मंदावली आहे. कमी पातळीवरच्या सेवेत गरजा भागू शकतील." रक्तदाबाचा एक शब्द नव्हता. चौदा पायऱ्यांचा नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. आम्ही जिंकलो होतो. क्यूआयओच्या डॉक्टरांनी औषधबदल आणि उभं राहिल्यावर घसरणारा रक्तदाब, ही दोन कारणं धरली होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मला अजून इथलंच जेवायचं?" रविवारी मी पिठलं-भात नेला.

हे इथे संपायला हवं होतं. गुरुवारी, २७ मार्चला, दुसरी नोटीस आली. शेवटचा दिवस शनिवार, २९ मार्च.

मधल्या सहा दिवसांत मी वाचत होते. रात्री, आई झोपल्यावर, फोनवर. पहिल्यांदा हाती लागला तो कॅलिफोर्नियाचा कायदा, एसबी ११२०. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर गव्हर्नरची सही झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. वाचून मी अक्षरशः उठून बसले. उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे आहेत की नाहीत हे नाकारण्याचा निर्णय परवानाधारक डॉक्टर किंवा तज्ज्ञच घेईल, कृत्रिम बुद्धिमत्ता नाही. साधन वापरलंच तर ते त्या रुग्णाच्या स्वतःच्या इतिहासावर आणि परिस्थितीवर आधारलेलं हवं, नुसत्या समूहाच्या माहितीवर नको. आईसाठीच लिहिल्यासारखा होता.

हायकॅपच्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा कायदा तुमच्या आईला लागू होत नाही. मेडिकेअर ॲडव्हांटेज केंद्राच्या कायद्याखाली येतं. राज्याला तिथे कंपनीचा परवाना आणि आर्थिक ताकद एवढंच पाहता येतं.

मग मी नवऱ्याच्या कंपनीचा विमा काढून पाहिला, निदान आम्हाला तरी तो लागू असेल म्हणून. तर तो स्वतःच्या निधीतला निघाला. म्हणजे दावे विमा कंपनी हाताळते, पण पैसे नोकरी देणारी कंपनी भरते. अशा योजना १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि राज्याचा हा कायदा त्यांनाही लागू होत नाही. बे एरियातल्या आपल्या किती घरांत असा विमा असेल, विचार करा. खिशातलं कार्ड एकसारखं दिसतं, कुणाचा कायदा तुम्हाला राखतो हे त्यावर लिहिलेलं नसतं. एच. आर. ला एकच प्रश्न विचारून ठेवा: आपला विमा पूर्ण विमाकृत आहे की स्वनिधीचा? आजारी पडायच्या आधी विचारा.

आईचं काय, तर तिच्यासाठी सीएमएसचा नियम होता. सीएमएस म्हणजे मेडिकेअर चालवणारं केंद्रीय खातं. त्यांनी एप्रिल २०२३ मध्ये काढलेला नियम २०२४ पासून लागू आहे: ॲडव्हांटेज कंपनीने मूळ मेडिकेअरच्या निकषांबाहेर जाऊन नाकारायचं नाही आणि निर्णय त्या व्यक्तीची परिस्थिती पाहून घ्यायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी कंपन्यांना प्रश्नोत्तरांच्या रूपाने आणखी स्पष्ट कळवलं. अल्गोरिदमची मदत घ्या, किती दिवस लागतील याचा अंदाज काढा, पण निव्वळ त्या अंदाजावर रिहॅबमधले उपचार थांबवता येणार नाहीत. थांबवण्याआधी रुग्णाची आजची स्थिती पुन्हा पाहिली पाहिजे.

हे वाचताना मनात आलं की असं लिहायची वेळ का आली असेल, कुणाच्या आया आमच्याआधी यातून गेल्या असतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिनेसोटाच्या फेडरल कोर्टात एका विमा कंपनीविरुद्ध दाखल झालेला दावा सापडला. ती कंपनी आमची नव्हे. तिने एनएच प्रेडिक्ट नावाच्या साधनाच्या अंदाजावर वृद्धांचे रिहॅबचे उपचार तोडले, असा आरोप आहे. कंपनीचं म्हणणं की साधन फक्त मार्गदर्शनासाठी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे आई पडायच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, न्यायाधीशांनी करारभंगाचा भाग पुढे चालवायला परवानगी दिली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनेटच्या चौकशी उपसमितीचा अहवालही आला होता. मोठ्या कंपन्या हॉस्पिटलनंतरच्या उपचारांच्या विनंत्या इतर उपचारांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात नाकारतात, असं त्यात होतं.

पूर्वपरवानगीच्या बाबतीत एक आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे. केएफएफ या संस्थेने काढलेल्या हिशोबानुसार २०२२ मध्ये ॲडव्हांटेज कंपन्यांनी नाकारलेल्या विनंत्यांपैकी शंभरातल्या दहांवरसुद्धा अपील झालं नाही. जी अपिलं झाली त्यातली ८३ टक्के पूर्ण किंवा अंशतः रुग्णाच्या बाजूने लागली. उरलेले नव्वद लोक घरी गेले असतील, किंवा पैसे भरत बसले असतील, किंवा त्यांच्या मांडीवरचा कागद वाचायला कुणी आलंच नसेल.

तर दुसरी नोटीस. या वेळी मला क्रम पाठ होता. शुक्रवारी सकाळी नऊला फोन, संध्याकाळी कंपनीचं सविस्तर कारण. ते उघडलं आणि मी पहिलं पत्र शेजारी ठेवलं. परिच्छेद शब्दशः तोच होता. "वॉकरने चाळीस फूट, एका व्यक्तीची मदत." आई तेव्हा शंभर फूट चालत होती! तारीख तेवढी बदललेली. तिची प्रगतीसुद्धा त्यांनी वाचलेली नव्हती.

पण या वेळी आम्ही हरलो. क्यूआयओचं म्हणणं, रक्तदाब तीन दिवस स्थिर आहे, शंभर फूट चालते आहे, घरी नर्स आणि फिजिओ येऊ शकतील. माझी चूक मला कळते. मी रक्तदाबावर भर दिला, कारण मागच्या वेळी तो चालला होता. पायऱ्यांचं मी तोंडी सांगितलं, कागद जोडला नाही.

शनिवारी संध्याकाळी निकाल आला. केंद्राच्या ऑफिसने दर सांगितला, दिवसाला ४८५ डॉलर. दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला, पाडवा होता. सकाळी घरी गुढी उभारली, कडुनिंबाची पानं मित्राच्या अंगणातून आणली, आणि दुपारी डब्यात श्रीखंड-पुरी घेऊन रिहॅबला गेलो. आईला पैशांचं सांगितलं नव्हतं. तिला ते आधीच कळलेलं होतं. ती म्हणाली, "मला घरी ने. मी खाली सोफ्यावर झोपेन. पार्ट्यांना लोक झोपत नाहीत का?" तिने वर्षानुवर्षं ओव्हरटाइम करून जपलेला पैसा तिच्या डोळ्यासमोर दिवसाला ४८५ ने जात होता. मी नाही म्हटलं. खाली न्हाणीघर नाही, रात्री ती उठणार, अंधारात. नवऱ्यानेही नाहीच म्हटलं. आम्ही कार्डावर पैसे भरले. असं कार्ड नसलेल्या घरात त्या दिवशी काय होतं, हा विचार मनातून जात नाही.

सोमवारी मी फिजिओथेरपिस्टला गाठलं. ती फिलिपिनो मुलगी, तिशीतली, आईला "मम्मी" म्हणायची. मी तिला म्हटलं, मला तुझ्या शब्दांत फक्त पायऱ्यांबद्दल लिहून दे. ती म्हणाली, माझ्याकडे आहे की. तिने २७ तारखेची, म्हणजे दुसरी नोटीस आली त्याच दिवसाची नोंद काढली.

व्यायामाच्या खोलीत लाकडी पायऱ्यांचा एक संच असतो, चार पायऱ्या चढायच्या, चार उतरायच्या, दोन्ही बाजूंना कठडा. त्या दिवशी तिने आईला इमारतीच्या खऱ्या जिन्यावर नेलं होतं, कारण तिने मला घरच्या जिन्याचा फोटो मागितला होता आणि त्यात कठडा एकाच बाजूला होता. आई मराठीत मोजत चढली. एक, दोन, तीन. सहाव्या पायरीवर उजवा गुडघा मुडपला आणि थेरपिस्टने पट्ट्याला धरून तिला सावरलं. नोंदीत होतं: "एका बाजूच्या कठड्यासह सहा पायऱ्या, गुडघा सैल पडला, पडण्यापासून वाचवण्यासाठी दोन व्यक्तींची मदत लागली. घरी चौदा पायऱ्या. सुरक्षित घरवापसीसाठी रोजचा जिन्याचा सराव आवश्यक." तिने वर सहीनिशी चार ओळी जोडल्या.

हरल्यावर साठ दिवसांत क्यूआयओकडेच फेरविचार मागता येतो, तो दुसरे डॉक्टर पाहतात. चौदा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या वेळी मी सगळं कागदावर दिलं. जिन्याची नोंद, घरच्या जिन्याचा फोटो, आमच्या नोकरीच्या वेळा. कंपनीची दोन्ही पत्रं शेजारी शेजारी, सारख्या ओळींखाली पिवळी रेघ मारून. सीएमएसच्या नियमातलं "त्या व्यक्तीची परिस्थिती" हे कलम. आणि "प्रगती मंदावली" या कारणाला उत्तर म्हणून २०१३ चा जिम्मो खटल्यातला समझोता. त्यात हे पक्कं झालं आहे की सुधारणा होत नाही एवढ्या कारणावरून कुशल उपचार नाकारता येत नाहीत, असलेली क्षमता टिकवण्यासाठी ते लागत असतील तरी द्यायचे. ही माहिती हायकॅपच्या त्या गृहस्थांची. पंचाहत्तरीचा माणूस, पगार नाही, फोन कधी चुकवला नाही.

एक प्रश्नही लिहिला होता: दोन्ही नकार कोणत्या डॉक्टरने पाहिले, त्यांचं क्षेत्र कोणतं, आणि १५.३ हा आकडा कशावरून आला? नाकारताना संबंधित क्षेत्राचं ज्ञान असलेल्या डॉक्टरने पाहिलं पाहिजे हे नियमात आहे. कंपनीकडून डॉक्टरचं पद कळलं. आकड्याबद्दल उत्तर आलं की ते साधन "निर्णयासाठी वापरलं जात नाही". मग शेवटचा दिवस त्याच तारखेला कसा पडला, यावर काही नव्हतं.

इथेच नियम मला अपुरा वाटतो, आणि हे मी कुणी विचारलं तरी सांगेन. अंदाजावर नाकारू नका असं लिहिलं आहे, पण अंदाज होता की नाही हे रुग्णाला कळायची सोय नाही. आम्हाला तो आकडा कळला तो एका दमलेल्या बाईने वाचून दाखवला म्हणून. नोटिशीवर एक ओळ सक्तीची हवी: साधन वापरलं का, त्याने किती दिवस सांगितले, त्यानंतर कुणी आणि कधी रुग्णाच्या नोंदी वाचल्या. ही ओळ लिहायला काही अवघड नाही. ती असती तर तोच परिच्छेद दोनदा पाठवायला कुणी धजावलं नसतं. सीएमएसने २०२६ च्या नियमांच्या मसुद्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर आणखी बंधनं सुचवली होती. आईच्या रिहॅबच्याच दिवसांत, एप्रिल २०२५ मध्ये, अंतिम नियम आले तेव्हा ती त्यात नव्हती. आणि जानेवारी २०२६ पासून सहा राज्यांत मूळ मेडिकेअरमध्येही काही ठरावीक उपचारांसाठी अशा तंत्राने पूर्वपडताळणी सुरू करायचं ठरलं. त्या सहांत कॅलिफोर्निया नाही, न्यू जर्सी आणि टेक्सास आहेत. तिथे आपली माणसं कमी नाहीत.

साताऱ्याच्या मामेभावाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे आता कॅशलेसचं उत्तर तासाभरात द्यावं लागतं. खरं आहे, आयआरडीएआयच्या, म्हणजे भारतातल्या विमा नियामकाच्या, मे २०२४ च्या परिपत्रकात तसं आहे, आणि दावा नाकारायचा तर कंपनीच्या पुनरावलोकन समितीची मंजुरी लागते हेही त्यातच आहे. मी त्याला म्हटलं, तासाची अट चांगली आहे, पण घाईत माणसाऐवजी यंत्र बसतं. समितीची अट धरून ठेव. नकार आला तर समितीने पाहिलं का, हे लेखी विचार.

आई ९ एप्रिलला घरी आली. नवरा मागे, मी पुढे, थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे चांगला पाय आधी वर. चौदा पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. मध्ये आठव्या पायरीवर ती थांबली, डोळे मिटले, दोन श्वास घेतले, मग "नऊ" म्हणाली.

फेरविचाराचा निकाल ११ एप्रिलला आला. आमच्या बाजूने. डॉक्टरांनी जिन्याची नोंद उद्धृत केली होती. ३० मार्चपासूनचे दहा दिवस, ४,८५० डॉलर. एकविसाव्या दिवसापासून आमचा वाटा होताच, तो वजा जाता बाकीचे पैसे जूनमध्ये परत आले. १५.३ ऐवजी आईला चौतीस दिवस लागले.

जुलैत एका शनिवारी सकाळी मंडळातल्या ओळखीच्या मुलीचा फोन आला. तिच्या वडिलांना पक्षाघातानंतर रिहॅबमध्ये ठेवलं होतं, काल संध्याकाळी कागद आला, बाबांनी सही केली, आता काय, असं म्हणत ती रडत होती. मी विचारलं, कागदावर शेवटचा दिवस कोणता आहे? ती म्हणाली, रविवार. मग आज बारा वाजेपर्यंत. आत्ता किती वाजलेत?

"साडेदहा."

"फोन ठेव, दुसऱ्या पानावर नंबर आहे तो लाव. ते झालं की नर्सकडून नोंदी माग. मी तासाभरात तिथे पोचते."